जस्ताच्या कारखान्यातला गंज

१

थोरले गेले, आणि खालची फरशी धुऊन व्हायच्या आत घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं, की गुन्हेगार गंज आहे. गंजाचं एक बरं असतं. तो उलट बोलत नाही, वकील लावत नाही, आणि त्याच्या नावाने कितीही बोटं मोडली तरी त्याची बायको दारात येऊन जाब विचारत नाही. पण गंजाला बेड्या घालता येत नाहीत ना! मग त्याच्या जागी एक माणूस लागतो. तो त्यांनी लगेच शोधून काढला. कारखान्याची डागडुजी बघणारा मिस्तरी.

कारखाना लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याचा. पाइप, खांब, जाळ्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढायच्या, म्हणजे त्या गंजत नाहीत. कामाच्या जागेवर एक माळा होता आणि माळ्याला कठडा. काम सुटताना मालक, म्हणजे थोरले, रोज त्या कठड्याला रेलून घरी जाणारी माणसं बघायचे. त्या दिवशी ते असेच रेलले, आणि कठड्याचा वरचा आडवा पाइप दोन्ही टोकांशी तुटून त्यांच्यासकट खाली आला.

विम्याच्या कंपनीने दुसऱ्या दिवशी सकाळी धातू तपासणारी बाई पाठवली. तिला कंपनीत पाठीमागे गंजबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि म्हणणाऱ्यांची लायकीही ठाऊक होती.

दारात तिला थोरल्यांचा जावई भेटला. इंजिनिअर. दुःखाच्या दिवशीसुद्धा शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

"गंज हा निसर्गनियम आहे, मॅडम," तो म्हणाला. "आपण त्याच्यापुढे हतबल आहोत."

"तुमचा कारखाना काय करतो?"

"गंजापासून संरक्षण."

"आणि मालक गंजाने मेले. वा! जाहिरातीत टाका."

ती जावयाला ओलांडून जिना चढली. अशी माणसं तिने पोत्याने पाहिली होती. ज्या धंद्यावर पोट भरतं, त्याचं त्यांना काडीचं कळत नसतं, आणि ते न कळणं ती शुद्ध भाषेत सांगत असतात.

माळ्यावर कठड्याच्या खांबाला पाइपाचं वीतभर थोटूक उरलं होतं. तुटलेलं तोंड लालभडक. बघणाऱ्याला वाटावं, वर्षानुवर्षं सडत होतं. गंजबाईने त्यावरून बोट फिरवलं. सगळा लाल रंग विटेच्या भुकटीसारखा बोटाला आला, आणि खाली गुळगुळीत करडा रंग दिसला.

कुणीतरी त्या तोंडाला आधी रंग लावला होता. गंज नंतर आला होता.

२

मिस्तरी फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. शेजारी फौजदार. पलीकडे आवारातल्या खोलीतून मिस्तरीची बायको भांडी, गाठोडी, स्टोव्ह बाहेर आणून ठेवत होती. खोली आजच रिकामी करा, असा निरोप जावयाने सकाळीच पाठवला होता.

"संध्याकाळी नेतोय याला," फौजदार म्हणाला. "हलगर्जीपणा. कबूल आहे तो. तुमचा शेरा आला की मी मोकळा."

"मोकळे तर तुम्ही जन्मापासूनच दिसता," गंजबाई म्हणाली, आणि मिस्तरीकडे वळली. "काय कबूल केलंत?"

"माझ्या हातून मालक गेले, बाई." त्याचे डोळे सुजले होते. "कठडा माझ्याकडे होता."

"शेवटचा कधी हलवून पाहिला होता?"

"गेल्याच आठवड्यात."

"हलला?"

"नाही."

"गंज दिसला?"

"नाही."

"मग कबूल काय करताय, डोंबल? न दिसलेला गंज?"

"दिसला नाही हाच गुन्हा झाला ना, बाई. होताच की तिथे. मोठी माणसं सगळी तेच म्हणतात. ती काय खोटं बोलतील?"

गंजबाईने कपाळावर हात मारून घेतला. लबाड माणसाचा तिला राग यायचा, पण असल्या भोळसट माणसाचा तर तिटकारा यायचा. लबाडांचा धंदा चालतो तो यांच्याच जिवावर.

"ऐका. पाइपावर जस्त आहे. जस्त शेजारी असेपर्यंत लोखंड गंजत नाही. आधी जस्त झिजतं, आणि ते झिजतं तेव्हा पांढरी पूड सुटते. खरं की नाही?"

"खरं."

"वर लाल आहे, पांढरं कणभर नाही. तोंडापासून चार बोटांवरचं जस्त नव्यासारखं चमकतंय. शेजारी जस्त धडधाकट आणि लोखंड सडून पार झालं, असं या कारखान्यात कधी पाहिलंत?"

मिस्तरीने नकारार्थी मान हलवली.

"तो गंज तिथे धरलेला नाही. आणून फासलाय. भिंगाखाली पाहिला मी. त्यात केसासारखे कुरळे लोखंडी तंतू आहेत. घरात पातेली घासायला लोखंडी काथ्या आणतात ना, तो सडवून केलेला चिखल आहे तो. पाइप खालच्या बाजूने करवतीने कापलाय, वर नखाएवढी कड ठेवून. ती कड तेवढी ताजी तुटलेली आहे. मालक मेले नाहीत, मिस्तरी. मारलेत त्यांना."

फौजदार उठून उभा राहिला. आयती मिळालेली झोप मोडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"आता एक सांगा," गंजबाई म्हणाली. "कापलेल्या फटीत करडा रंग आहे. जस्ताचा रंग. फट इतकी अरुंद, की ब्रश आत जाणार नाही. आणि रंगात कापडाच्या विणीचे ओरखडे आहेत. हे कसं?"

मिस्तरीने विचार केला नाही, आडपडदा ठेवला नाही. दोन्ही हातांनी हवेत चिंधी ओढून दाखवली. "फटीत अशीच लावतात. चिंधी रंगात भिजवायची, फटीत घालायची आणि इकडून तिकडे ओढायची. लोखंड कापलं की तोंड उघडं ठेवायचं नाही. कापलं की लावलं."

"कोण करतं असं?"

"मीच काढली ही रीत. बाकीची पोरं ब्रश मारून मोकळी होतात. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

फौजदाराने मिस्तरीच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे हलगर्जीपणा नाही," तो म्हणाला. "खून. आणि तोही यानेच केला. बाई, आभारी आहे तुमचा."

खोलीच्या दारात मिस्तरीच्या बायकोच्या हातातली परात खाली पडली.

३

"हात काढा," गंजबाई फौजदाराला म्हणाली. "संध्याकाळ झालेली नाही अजून."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मिस्तरीला सोडवायला म्हणून तोंड उघडलं, आणि त्याला फासाच्या आणखी जवळ नेऊन बसवलं! तिने मिस्तरीला पुन्हा विचारलं, "तुमच्याशिवाय चिंधी कोण ओढतं? नीट आठवा."

"मालक ओढायचे. शिकताना आम्ही बरोबर होतो."

"आणि?"

तो बाकाची फळी नखाने खरवडू लागला. बायकोच शेवटी परात उचलता उचलता ओरडली, "सांगा की! धाकट्यांना कुणी शिकवलं? शाळा बुडवून दिवसभर तुमच्या मागे मागे असायचे ना? कापून तोंड उघडं टाकलं की हातावर चापट कोण मारायचं?"

"लहान होते ते," मिस्तरी पुटपुटला. "सख्ख्या भावाला कोण मारतं? भलतंसलतं बोलू नकोस."

घर कारखान्याला लागूनच होतं. खाली थोरले राहायचे, वर धाकटे. धातूची बाई आलीय म्हटल्यावर घरातल्यांनी जे केलं ते गंजबाईला नवीन नव्हतं. लोक डॉक्टरला पाहिलं की जीभ दाखवतात, तशी तिला पाहिली की भांडी दाखवतात. मयताचं घर असो की लग्नाचं.

थोरल्यांच्या बायकोने, सगळ्यांच्या वहिनींनी, रडता रडता पितळी नळ दाखवला. "हा हिरवा का पडतो हो?"

"पितळ आहे. त्याला तांबडा गंज चढत नाही, हिरवाच चढतो. काल काही भांडण झालं होतं घरात?"

"आमच्या घरात?" वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि मान ताठ केली. "आमच्या घराण्यात भांडणं होत नाहीत. परवा जरा आवाज चढले, तेवढंच."

"कुणाचे?"

"यांचे आणि भाऊजींचे. काहीतरी मालाचं होतं. हे म्हणत होते, सगळा माल परत बोलावणार, गिऱ्हाइकांना स्वतः सांगणार. भाऊजी म्हणाले, दादा, मी उघडा पडेन. पण ते काही भांडण नव्हे."

"छे छे," गंजबाई म्हणाली. "त्याला भांडण कोण म्हणेल!"

"आणि मिस्तरीला काही बोलू नका माझ्यासमोर," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हातचं खाल्लंय त्याने. शेवटी हे फळ दिलं."

"तुम्हाला खात्री आहे, त्याचीच चूक?"

"सगळे म्हणतायत ना."

सगळे म्हणतायत! गंजबाईने तो हिरवा नळ जरा जास्तच जोरात बंद केला. वर जाण्याआधी तिने आवारात जाऊन रवाना व्हायला ठेवलेल्या पाइपांवर मुलाम्याची जाडी मोजायचं यंत्र टेकवलं. एका पाइपावर, दुसऱ्यावर, मग पार खालच्या थरातल्यांवर. आकडा बघून तिने नाक मुरडलं. मुलामा म्हणजे नुसता जस्ताचा वास दाखवला होता. या पाइपांचे कठडे कुठल्या तरी पुलावर, कुठल्या तरी शाळेच्या गच्चीवर लागणार होते. जस्त बुडवायचं काम धाकट्यांच्या ताब्यात होतं.

आता तिला कारण ठाऊक झालं. पण कारण ज्याच्या त्याच्याजवळ असतं. त्यासाठी फौजदार मिस्तरीचा खांदा सोडणार नव्हता.

४

धाकटे घरी नव्हते, पोलीस चौकीत कागदपत्रांसाठी गेले होते. त्यांच्या बायकोने, धाकट्या जाऊबाईंनी, दार उघडलं. दिवाणखाना चकचकीत. काचेच्या भांड्यात प्लास्टिकची फुलं, टेबलावर प्लास्टिकची फळं. वास कशालाच नाही.

"बरं झालं तुम्ही आलात," जाऊबाई म्हणाल्या. आवाज हळू केला होता, पण उत्साह काही लपत नव्हता. "एक विचारायचं होतं. आजच्या दिवशी विचारू नये, पण तुम्ही परत कधी येणार!"

"विचारा. आज सगळेच विचारतायत."

त्या आतून स्टीलचं एक मोठं भगुणं घेऊन आल्या. "हे बघा. दुकानदार छातीठोक म्हणाला होता, स्टेनलेस आहे, गंज चढणार नाही. आणि हे काय? महिनासुद्धा झाला नाही. फसवलं ना मेल्याने?"

भगुण्याच्या तळाला तपकिरी कडं उमटलं होतं, हाताच्या मुठीएवढं. गंजबाईने ते उजेडात धरलं. कड्याच्या काठाशी बारीक कुरळे तंतू चिकटले होते. तिला एकदम हसू आलं, आणि ते दाबताना ठसका लागला.

"दुकानदाराने नाही फसवलं," ती म्हणाली. "भगुणं चांगलं आहे. त्यात साधं लोखंड मिठाच्या पाण्यात भिजत ठेवलं, की लोखंड सडतं आणि त्याचा डाग स्टीलवर बसतो. घासायचा लोखंडी काथ्या यात ठेवला होतात?"

"मी नाही हो! मी भांडं वापरलं की कोरडं करणारी बाई. यांनी नेलं होतं. मागच्या गॅलरीत काहीतरी भिजत घातलं होतं, माझा घासायचा काथ्यासुद्धा नेला. विचारलं तर खेकसले. म्हणाले, झाडांना लोहाचं पाणी घालायचंय."

"कुठल्या झाडांना?"

जाऊबाईंनी दिवाणखान्याकडे बघितलं. मग गॅलरीकडे बघितलं. तिथे कपडे वाळत घालायची दोरी होती, आणखी काही नव्हतं. त्यांच्या कपाळावर आधी नुसती आठी पडली, आणि मग हळूहळू चेहऱ्याचा रंग उडाला.

"हे भगुणं मी नेते," गंजबाई म्हणाली.

"नको," जाऊबाई म्हणाल्या. पण हात त्यांनीच सोडला.

५

चार वाजता सगळे माळ्यावर जमले. वहिनी, जावई, फौजदार, मिस्तरी, आणि नुकतेच चौकीतून आलेले धाकटे. धाकट्यांनी काळा चष्मा लावला होता. सुतकी चेहऱ्याने त्यांनी मिस्तरीच्या पाठीवर हात फिरवला.

"मिस्तरी, माझा तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "वय झालं तुमचं. होतं असं."

मिस्तरीने त्यांचे हात धरले आणि तो हुंदके देऊन रडू लागला. गंजबाईने आयुष्यात पुष्कळ गलिच्छ गोष्टी पाहिल्या होत्या, गटारातले पाइपसुद्धा. पण असं काही पाहिल्याचं तिला आठवेना.

तिने भगुणं टेबलावर ठेवलं.

"पाइप कापणाऱ्याला एक अडचण होती," ती म्हणाली. "जस्ताजवळचं लोखंड गंजत नाही. नुसतं कापून ठेवलं असतं तर तुटल्यावर तोंड चकचकीतच दिसलं असतं. म्हणजे गंज बाहेरून आणायला हवा. आणि गंज बाहेरून आणायला हवा, हे ज्याला कळतं, तो या धंद्यातला जाणकार. जावईबापू, तुम्ही सुटलात. तुम्हाला ते कळणं शक्यच नाही."

जावयाने सुटकेचा निःश्वास टाकला. आपला अपमान झाला हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

"गंज केला या भगुण्यात. काथ्याचे तंतू याच्यात आहेत आणि त्या थोटकावरही आहेत. भगुणं वरच्या मजल्यावरचं, मिस्तरींच्या खोलीतलं नाही. भिजवलं कुणी, ते जाऊबाईंनी सांगितलंय."

"माझ्या बायकोला काय कळतं?" धाकटे म्हणाले. "काथ्या घराघरांत असतो. कुणीही भगुणं उचलून नेईल. आणि चिंधीची रीत मिस्तरीची आहे, सगळ्या जगाला माहीत आहे!"

खाली कुणीतरी पाइप टाकला, त्याचा आवाज वरपर्यंत आला.

"चिंधी?" गंजबाई म्हणाली. "चिंधीचं मी इथे अवाक्षर काढलेलं नाही. थोटकावर रंग आहे हेसुद्धा बोलले नाही. फौजदारसाहेब, तुम्ही चौकीत कुणाला सांगितलंत?"

"मी इथून हललोच नाही," फौजदार म्हणाला. या एका गोष्टीबद्दल त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

धाकट्यांनी चष्मा काढला. डोळे कोरडे होते. ते मिस्तरीकडे नाही, भावजयीकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"चिंधी का ओढली, तेच मला कळत नाही," ते म्हणाले. "कापलं, आणि... डबा शेजारीच होता. लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, वरून गंज बसला की कुणाला दिसणार? दादा ऐकायलाच तयार नव्हता. सगळा माल परत बोलावतो म्हणाला. दोन पिढ्यांचं नाव मातीत घालायला निघाला होता."

"नाव!" गंजबाई म्हणाली. "ज्या पाइपांना हात लावला की मुलामा नखाने निघेल, त्या पाइपांवरचं नाव. मुलांच्या शाळेला कठडे पाठवताय तुम्ही. उद्या तिथून कोण पडलं असतं, त्याचं नाव विचारलंत कधी? भावाला मारलंत ते मारलंत, आणि वर ज्याने हाताला धरून शिकवलं त्याच्या गळ्यात बांधलंत. माझं काम गंज बघायचं आहे. त्याची किळस येत नाही मला. तुमची येते."

फौजदाराने शेवटी मिस्तरीच्या खांद्यावरचा हात काढला आणि तोच हात धाकट्यांच्या दंडावर ठेवला.

६

गाडी गेली. आवारात मिस्तरीची गाठोडी तशीच पडली होती. त्याची बायको त्यांच्यावर बसली होती, आणि फाटकाबाहेर भाड्याचा टेम्पो उभा होता.

जावई पुढे आला. गळा खाकरला. "झालं गेलं विसरून जाऊ या, मिस्तरी. थोडा गैरसमज झाला. परिस्थितीच तशी होती."

मग वहिनी आल्या. सकाळपेक्षा दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या.

"मिस्तरी, खोली तुमचीच आहे," त्या म्हणाल्या. "सामान आत घ्या. आता या घरात राहिलंय कोण? तुम्ही गेलात तर हा कारखाना कुणाच्या भरवशावर चालवायचा?"

मिस्तरीचा चेहरा लोण्यासारखा पघळला. गंजबाई फाटकापाशी उभी होती. तिला दिसत होतं, की हा बुवा आता वाकणार, गाठोडं उचलणार आणि आत नेऊन ठेवणार. वर आभारही मानणार. तिने तोंड फिरवलं.

"वहिनी, मला आधी एक सांगा," मिस्तरी म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "तुम्हाला खरंच वाटलं, मी कठडा सडू दिला? एकदा तरी मनात आलं का, की मिस्तरी असं करणार नाही?"

वहिनींनी खाली बघितलं.

तो वाट बघत राहिला. त्या काही बोलतील, खोटं का होईना बोलतील, अशी त्याला आशा होती. त्या बोलल्या नाहीत.

त्याची बायको उठली. पदर खोचला, सगळ्यात जड गाठोडं उचललं आणि टेम्पोत टाकलं.

"मला तर वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "चला, बसा."

मिस्तरीने स्टोव्ह उचलला आणि तो तिच्या मागोमाग टेम्पोत चढून बसला.